दहा डॉलरचा चेक

पिट्सबर्ग शहरात जॉन ग्रुबर नावाचा एक क्रीडावार्ताहर होता. स्थानिक बेसबॉल संघाच्या सामन्यांच्या अधिकृत नोंदीही तोच ठेवायचा, त्यामुळे खेळाडूंशी त्याची चांगली ऊठबस होती. १९०९ च्या सुमारास अमेरिकन टोबॅको कंपनीने त्याच्यावर एक काम सोपवलं. याच संघातल्या होनस वॅग्नरचं चित्र सिगारेटच्या पाकिटात घालायचं होतं आणि त्यासाठी वॅग्नरची परवानगी हवी होती. ती मिळवून दिली तर ग्रुबरला दहा डॉलर मिळणार होते. ग्रुबरने पत्र लिहिलं. उत्तरात वॅग्नरने कळवलं, की आपलं चित्र सिगारेटबरोबर जावं अशी आपली इच्छा नाही, पण त्यापायी ग्रुबरचे दहा डॉलर बुडावेत हेही आपल्याला पटत नाही. सोबत त्याने दहा डॉलरचा चेक जोडला होता.

ही हकिकत ‘स्पोर्टिंग न्यूज’ या साप्ताहिकात १९१२ च्या ऑक्टोबरमध्ये छापून आली. म्हणजे ती नंतरच्या संग्राहकांनी रचलेली दंतकथा नव्हे, वॅग्नर खेळत असतानाच लोकांसमोर आलेली गोष्ट आहे. नकार येईपर्यंत छापखान्यातून त्याची थोडी कार्डं बाहेर पडली होती. ती परत कोण मागवणार? आज जगात त्यांतली साठच्या आसपास शिल्लक आहेत. २०२१ मध्ये त्यांतलं एक ६६ लाख डॉलरला गेलं, आणि पुढच्याच वर्षी दुसरं एक खासगी व्यवहारात साडेबहात्तर लाखांना. दोन्ही कार्डं काही फार चांगल्या अवस्थेत नव्हती.

जुनं आहे म्हणून दुर्मीळ आहे, असा आपला सर्वांचा समज असतो. या कार्डांच्या बाबतीत तो साफ चुकीचा आहे. वॅग्नरच्याच संचातलं, त्याच वर्षी, त्याच छापखान्यात छापलेलं एखाद्या सामान्य खेळाडूचं कार्ड, कोपरे झिजलेलं का असेना, शंभर डॉलरच्या आत आजही मिळतं. वय दोघांचं एकच. फरक पडला तो कुठल्यातरी कचेरीत घडलेल्या बारीकशा घटनेमुळे: कुणी नकार दिला, कुणी अक्षर चुकवलं, कुणी कमी खपणाऱ्या तंबाखूसाठी थोडीच कार्डं छापून घेतली. त्या घटना शोधायच्या, तर आधी सिगारेटच्या पाकिटात बेसबॉल कुठून आला हे पाहावं लागतं.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सिगारेटी हाताने वळल्या जात. तरबेज कामगार दिवसाला दोन-तीन हजार वळायचा. व्हर्जिनियातल्या जेम्स बॉन्सॅक या तरुणाने असं यंत्र केलं, की ते दहा तासांत एक लाखाच्या वर सिगारेटी काढू लागलं. नॉर्थ कॅरोलिनातल्या जेम्स ड्यूकने ते यंत्र हाताशी धरलं आणि माल इतका निघू लागला, की आता बनवायचं कसं यापेक्षा खपवायचं कसं हा प्रश्न मोठा झाला. त्या काळातलं पाकीट म्हणजे मऊ कागदाची पुडी. ती चेपू नये म्हणून आत पुठ्ठ्याचा तुकडा घालत. मग त्या तुकड्यावर चित्र का नको? नट्या, मुष्टियोद्धे, पक्षी, झेंडे, राजेमहाराजे, सगळं त्यावर आलं. बेसबॉलचे खेळाडूही आले. गुडविन कंपनीने १८८७ पासून ‘ओल्ड जज’ सिगारेटसोबत खेळाडूंची बारकी छायाचित्रं दिली. ते सगळे फोटो स्टुडिओत काढलेले. काही फोटोंत तर चेंडू दोऱ्याने टांगलेला आहे आणि खेळाडू तो झेलल्याचा आव आणतो आहे.

१८९० साली ड्यूकने पाच मोठ्या कंपन्या एकत्र करून अमेरिकन टोबॅको कंपनी उभी केली. स्पर्धा संपली आणि त्याबरोबर कार्डंही बहुतेक संपली, कारण मक्तेदाराला गिऱ्हाइकाची मनधरणी करावी लागत नाही. पुढे तुर्की तंबाखूच्या सिगारेटींची लाट आली, नवे प्रतिस्पर्धी उभे राहिले आणि मक्तेदाराला पुन्हा चित्रांची आठवण झाली. १९०९ ते १९११ या काळात कंपनीने जो संच काढला, त्याला आज ‘टी २०६’ म्हणतात. कार्ड साधारण साडेतीन सेंटीमीटर रुंद आणि पावणेसात सेंटीमीटर उंच. पांढरी किनार, मध्ये अनेक रंगांत शिळाछापाचं चित्र, खाली खेळाडूचं आडनाव आणि गाव. पाठीवर जाहिरात. हे काम न्यू यॉर्कच्या अमेरिकन लिथोग्राफिक कंपनीच्या छापखान्यात चालायचं. वॅग्नरचं चित्र बोस्टनच्या कार्ल हॉर्नर या छायाचित्रकाराच्या फोटोवरून रंगवलेलं आहे: केशरी पार्श्वभूमी, मधोमध भांग, छातीवर ‘पिट्सबर्ग’.

वॅग्नर हा काही ऐरागैरा खेळाडू नव्हता. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधली जागा राखणारा शॉर्टस्टॉप, धिप्पाड, फेंगड्या पायांचा, जर्मन स्थलांतरितांचा मुलगा. नॅशनल लीगमधल्या फलंदाजीचा मान त्याने आठ वेळा मिळवला. १९३६ मध्ये बेसबॉलच्या मानकऱ्यांच्या दालनासाठी पहिली निवड झाली, तेव्हा निवडलेल्या पाचांत तो होता. तो नाही म्हणाला तर ते ऐकावंच लागेल, एवढं त्याचं वजन होतं.

पण परवानगी मागायचीच का? आधीच्या पिढीत कुणी विचारत नव्हतं. इथे मला एका पिठाच्या जाहिरातीचा धागा महत्त्वाचा वाटतो. न्यू यॉर्क राज्यातल्या एका पीठगिरणीने एका तरुणीचा फोटो तिला न विचारता जाहिरातीवर छापला आणि त्याच्या पंचवीस हजार प्रती दुकानादुकानांत, दारूच्या गुत्त्यांतही लावल्या. ती कोर्टात गेली. १९०२ मध्ये राज्याच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने चार विरुद्ध तीन मतांनी निकाल दिला, की असा हक्क कायद्यात नाही. लोक खवळले. पुढच्याच वर्षी राज्याने कायदा केला, की जिवंत माणसाचं नाव किंवा चित्र जाहिरातीसाठी वापरायचं तर त्याची लेखी संमती हवी. नाहीतर तो गुन्हा, वर भरपाई वेगळी. अमेरिकन टोबॅकोची कचेरी न्यू यॉर्कमध्ये, छापखानाही न्यू यॉर्कमध्ये. ग्रुबरला दहा डॉलरचं आमिष कंपनीने सौजन्यापोटी दाखवलं असेल असं मला वाटत नाही. तिला सही हवी होती.

वॅग्नर का नाही म्हणाला, यावर शंभर वर्षं वाद चालू आहे. एक पक्ष म्हणतो, पोरांनी आपल्या चित्रासाठी सिगारेटी घेऊ नयेत असं त्याला वाटे. दुसरा हसतो: अहो, वॅग्नर स्वतः गालात तंबाखूचा बार भरून मैदानात उतरायचा, तरुणपणी त्याचं चित्र एका सिगारच्या पेटीवर झळकलं होतं, आणि १९४८ च्या एका च्युइंगगमच्या कार्डावर म्हातारा वॅग्नर चक्क तंबाखूची पुडी हातात घेऊन उभा आहे. म्हणजे पैशाचंच भांडण असणार. मला यात विसंगती दिसत नाही. त्या काळच्या अमेरिकेत सिगार प्रतिष्ठितांचा, चघळायचा तंबाखू कष्टकऱ्यांचा, आणि सिगारेट म्हणजे पोरांना नासवणारी नवी स्वस्त पीडा, असा सरळ भेद होता. इंडियाना, विस्कॉन्सिन आणि नेब्रास्का या राज्यांनी १९०५ मध्ये सिगारेटच्या विक्रीवर बंदीच घातली होती. तंबाखू खाणारा माणूस सिगारेटला नाक मुरडू शकत होता. शिवाय पैशाचा वाद असता, तर पदरचे दहा डॉलर कुणी पाठवले नसते.

नकार मिळाला तो दिवस कागदावर नाही. छपाई कुठवर आली होती ते मात्र कार्डाच्या पाठीवरून कळतं. पाठीवर कधी १५०, कधी ३५०, कधी ४६० चित्रांचा उल्लेख असतो. संच वाढत गेला तसा तो आकडा बदलला. वॅग्नर सापडतो तो फक्त १५० च्या पाठीवर, तोही बहुतेक ‘स्वीट कॅपोरल’ आणि अगदी मोजक्या वेळा ‘पीडमाँट’ या छापांच्या. म्हणजे काम सुरू होऊन थोडे दिवस झाले आणि त्याचं चित्र उतरवलं गेलं.

हीच पाठ दुसऱ्या एका कोड्यात उपयोगी पडते. फिलाडेल्फियाचा डावखुरा पिचर एडी प्लँक याचं कार्डही या संचात फार विरळा. त्याची ठरलेली कहाणी अशी, की त्याच्या चित्राचा ठसा छापताना फुटला. सांगायला सोपी आहे, म्हणून पिढ्यान् पिढ्या सांगितली जाते. पण प्लँकची कार्डं १५० च्या पाठीवर आहेत आणि ३५० च्याही पाठीवर आहेत, दोन्हीकडे थोडीच. फुटलेला ठसा दुसऱ्या फेरीत पुन्हा कसा आला, आणि आला तर पुन्हा फुटला काय? शिळाछापात मूळ चित्रावरून नवा ठसा उतरवता येतो, तिथे एका ठशावर काही अडत नाही. संमतीचं काहीतरी घोंगडं भिजत पडलं असावं, असा माझा अंदाज. पुरावा मात्र कुणाकडेच नाही.

नकारानंतर चुका. फिलाडेल्फियाच्याच दुसऱ्या संघातल्या शेरी मॅगीचं आडनाव इंग्रजीत दोन ‘ई’ लावून लिहितात. पहिल्या खेपेला छापखान्याने ते ‘आय-ई’ असं लिहिलं. उच्चार तोच राहिला, स्पेलिंग मात्र चुकलं. कुणीतरी लवकर दाखवून दिलं असावं, कारण चुकीचं स्पेलिंग फक्त १५० च्या ‘पीडमाँट’ पाठीवर आढळतं. नंतरची सगळी कार्डं बरोबर आहेत आणि ती ढिगाने मिळतात. ज्या कार्डावर नाव बरोबर आहे त्याला कुणी विचारत नाही.

डॉयलची चूक याहून मजेशीर. न्यू यॉर्कमध्ये दोन मोठे संघ होते, एक नॅशनल लीगमध्ये, एक अमेरिकन लीगमध्ये. आणि दोन्हीकडे एकेक डॉयल. नॅशनलकडे दुसरा बेस सांभाळणारा लॅरी डॉयल. अमेरिकनकडे पिचर जो डॉयल, जो दोन चेंडूंमध्ये इतका वेळ लावायचा की लोक त्याला ‘स्लो जो’ म्हणत. छापखान्यातल्या कुणीतरी ‘डॉयल, न्यू यॉर्क’ एवढं पाहिलं आणि डोक्यावर हात नेऊन चेंडू टाकायच्या पवित्र्यात उभ्या असलेल्या स्लो जोच्या चित्राखाली ‘एन. वाय. नॅशनल’ असं दडपून दिलं. चूक लक्षात आल्यावर ‘नॅशनल’ काढून टाकलं. चुकीची कार्डं आज डझनभरही नाहीत. गंमत अशी, की कित्येक दशकं ही चूक कुणाच्या लक्षातच आली नव्हती. संग्राहक डॉयल हातात घेऊन खाली ठेवत राहिले.

तिसरा प्रकार पाठीचा. हा एकच संच कंपनीने आपल्या सोळा वेगवेगळ्या छापांच्या मालासोबत वाटला. पुढचं चित्र तेच, मागची जाहिरात वेगळी. ‘पीडमाँट’ आणि ‘स्वीट कॅपोरल’ खूप खपत, म्हणून त्या पाठी सर्वत्र आहेत. ‘पोलर बेअर’ हा चुऱ्याचा तंबाखू होता. कार्ड थेट त्या चुऱ्यात पडलेलं असे, म्हणून त्या पाठीची कार्डं पुष्कळदा तपकिरी डागांनी माखलेली सापडतात. पण ‘ड्रम’, ‘उझिट’, ‘लेनॉक्स’, ‘ब्रॉड लीफ’ यांची कार्डं मुळात थोडी निघाली, आणि आज एखाद्या नगण्य खेळाडूचं कार्ड केवळ पाठीवर ‘ड्रम’ आहे म्हणून हजारो डॉलर ओढतं. सोळांत ‘टॉलस्टॉय’ नावाची सिगारेटही होती. ते नाव ज्या लेखकाची आठवण करून देतं, तो तेव्हा रशियात हयात होता, स्वतः धूम्रपान सोडून बसला होता आणि त्याविरुद्ध निबंध लिहून मोकळा झाला होता. ‘हिंदू’ नावाचीही एक सिगारेट होती. तिचा आपल्याशी संबंध नावापुरताच. पूर्वेकडची नावं दिली की तंबाखूला दर्जा येतो, अशी तेव्हा तिकडे हवा होती. ‘मेक्का’, ‘हसन’, ‘फातिमा’ असे छापही त्याच हवेतले. संग्राहक मात्र आजही गंभीर चेहऱ्याने ‘लाल हिंदू’ आणि ‘तपकिरी हिंदू’ यांच्या भावांची चर्चा करतात. शाईच्या रंगावरून पडलेली ही नावं. दोघांत लाल अधिक महाग.

सोळावी पाठ टाय कॉबच्या नावाची. कॉब म्हणजे त्या काळचा सर्वांत धगधगता खेळाडू. त्याच्या नावाचा पाइपचा तंबाखू निघाला आणि त्यासोबत कॉबचंच चित्र, पाठीवरही कॉबचंच नाव. हा माल फार चालला नसावा. २०१६ पर्यंत अशी पंधरा-एक कार्डं माहीत होती. त्या वर्षी अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या एका खेड्यात एक कुटुंब पणजोबांच्या पडक्या घराची आवराआवर करत होतं. जुन्या पोस्टकार्डांनी आणि कागदांनी भरलेली एक चुरगळलेली पिशवी फेकून द्यायची, एवढ्यात तळाशी सात कॉब सापडले. जगातला साठा एका दुपारी जवळपास दीडपट झाला! आणि हाच कॉब पुढे हेन्री फोर्डने सिगारेटविरुद्ध काढलेल्या पुस्तिकेत सिगारेटने माणसाचं कसं वाटोळं होतं ते सांगताना दिसतो.

१९११ च्या मेमध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ड्यूकची मक्तेदारी बेकायदा ठरवून कंपनीचे तुकडे करण्याचा आदेश दिला. संच त्याच वर्षी थांबला. कार्डं पोरांच्या खिशात राहिली, डब्यांत गेली, पिठाच्या खळीने वह्यांत चिकटवली गेली, घर बदलताना कचऱ्यात गेली. दुसऱ्या महायुद्धात रद्दी गोळा करण्याच्या मोहिमा निघाल्या, त्यांत कित्येक वह्या गेल्या. या नाशाने सगळीच कार्डं सारख्या प्रमाणात कमी केली. ज्यांची मुळात थोडी निघाली होती, ती संपायला आली.

पण कमी आहे हे कळणार कसं? किती असायला हवं होतं ते आधी ठाऊक पाहिजे. कंपनीने नावांची यादी कधी दिली नाही. ती यादी जमवण्याचं श्रेय सिरॅक्यूज गावच्या जेफरसन बर्डिकचं. विजेचं सामान बनवणाऱ्या कारखान्यात काम करणारा हा माणूस संधिवाताने आखडला होता आणि बेसबॉलचा शौकीन असा तो नव्हताच. त्याला छापील कागदाचं वेड होतं. त्याने अमेरिकेतल्या व्यापारी कार्डांची सूची केली, प्रत्येक संचाला अक्षर आणि क्रमांक दिला: ‘एन’ म्हणजे एकोणिसाव्या शतकातला तंबाखू, ‘टी’ म्हणजे विसाव्या. ‘टी २०६’ हे नाव त्याचं. या संचातली ५२४ कार्डं नंतर संग्राहकांनी एकेक करून मोजली, तीही त्याने घातलेल्या पायावर. बाकीची कार्डं काही सेंटांत मिळत असताना बर्डिकने वॅग्नरपुढे ५० डॉलर लिहिले, आणि तेव्हापासून लोक वॅग्नर शोधू लागले.

आपला संग्रह, तीन लाखांहून जास्त कागद, त्याने न्यू यॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाला दिला. तो स्वतःच लावून द्यावा, ही संग्रहालयाची अट. १९४७ पासून देणगी सुरू झाली आणि पुढची पंधरा वर्षं तो आखडलेल्या बोटांनी अल्बममध्ये कार्डं चिकटवत होता. १० जानेवारी १९६३ ला काम संपलं. आता मी येणार नाही, असं सांगून तो उठला, दुसऱ्या दिवशी इस्पितळात दाखल झाला आणि मार्चमध्ये वारला. त्या अल्बमांत एक वॅग्नर आहे.

पुढची कथा पैशाची आहे आणि मला तिच्यात कमी रस आहे, पण एक प्रसंग टाळता येत नाही. सर्वांत प्रसिद्ध वॅग्नर १९९१ मध्ये आइस हॉकीपटू वेन ग्रेट्झ्की आणि त्याच्या भागीदाराने चार लाख ५१ हजार डॉलरला घेतला. कडा धारदार, कोपरे टोकदार, सिगारेटच्या पाकिटातून आलेलं कार्ड इतकं कोरं कसं, असं जाणकार कुजबुजत. कार्डांना दहापैकी गुण देणाऱ्या कंपनीने त्याला आठ दिले आणि आपल्या पहिल्या क्रमांकाचं प्रमाणपत्र लावलं. मध्ये एकदा ते एका दुकानसाखळीच्या सोडतीत फ्लोरिडातल्या टपाल कर्मचारी बाईंना लागलं. कर भरायला पैसे नाहीत म्हणून त्यांनी ते विकलं. २००७ मध्ये त्याची किंमत २८ लाखांवर गेली. २०१३ मध्ये लिलावदार बिल मॅस्ट्रोने न्यायालयात कबूल केलं, की आपण त्या कार्डाच्या कडा कात्रल्या होत्या. लिलावातल्या फसवणुकीबद्दल त्याला पुढे २० महिन्यांची शिक्षा झाली. कार्डाला ओळख मिळाली ती कात्रीमुळे, आणि कात्रीची गोष्ट कळल्यावर त्याची प्रसिद्धी आणखी वाढली. याउलट बाल्टिमोरच्या काही नन्सना २०१० च्या सुमारास वारशात एक वॅग्नर मिळाला, दशा झालेला. त्याचेही दोन लाखांवर डॉलर आले.

संख्येने पाहिलं तर डॉयल वॅग्नरच्या कितीतरी पट दुर्मीळ आहे, किमतीने मात्र त्याच्या जवळपासही नाही. वॅग्नर मोठा खेळाडू होता आणि त्याने नकार दिला, तोही स्वतःच्या खिशाला चाट लावून. स्लो जोच्या बाबतीत कुणातरी कारकुनाची डुलकी, एवढंच. संग्राहक पैसे मोजतात ते या फरकाचे.

मला कुणी निवडायला सांगितलं तर मी डॉयल घेईन. चुकीचा डॉयल परवडणार नाहीच, पण दुरुस्त केलेला साध्या कार्डांच्या भावात मिळतो. तो घेताना सावध राहायला हवं, कारण त्याच्यावर ‘नॅशनल’ हा शब्द नव्याने छापून लोकांना फसवणारेही झाले आहेत. अस्सल दुरुस्त कार्डावर फक्त ‘डॉयल, एन. वाय.’ आहे. संघातल्या इतरांच्या कार्डांवर असतो तसा ‘अमेरिकन’ हा शब्द तिथे कुणी घातलाच नाही.